चष्म्यात पडदा मावतो कसा?

बीडहून संध्याकाळच्या एसटीने अंबाजोगाईला निघालात, तर मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी नेकनूरच्या रस्त्याला लागेपर्यंत अंधारून येते. गाडीतले दिवे लागतात. इतका वेळ बाहेरची शेते दाखवणाऱ्या खिडकीच्या काचेत एकाएकी आपला चेहरा दिसू लागतो, आणि त्या चेहऱ्यातून आरपार दूरच्या वस्तीवरचे दिवे सरकताना दिसतात. नीट पाहिले तर चेहरा काचेवर नसतो. तो काचेच्या पलीकडे, बाहेर अंधारात तरंगत असतो. शेजारच्या प्रवाशाच्या हातात मोबाइल असेल, तर त्याचा उजळ पडदाही बाभळींवरून धावत जातो.

हे दृश्य तुम्ही पाहिले असेल, तर ‘स्मार्ट चष्मा’ वापरण्याचा निम्मा अनुभव तुम्ही घेतला आहे. समोरचे जग दिसत राहावे आणि त्याच्यावर, जणू हवेत, एक चित्र किंवा चार ओळींचा मजकूर उमटावा, एवढीच या चष्म्यांमागची मूळ कल्पना. असा पहिला गाजलेला चष्मा म्हणजे ‘गूगल ग्लास’. त्याची घोषणा २०१२ साली झाली, २०१३ मध्ये तो अमेरिकेत निवडक लोकांना १५०० डॉलरला मिळू लागला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. पण कल्पना संपली नाही. मुंबईत २०२० साली ‘जिओ ग्लास’ची घोषणा झाली. ७५ ग्रॅमचा हा चष्मा वायरने मोबाइलला जोडायचा होता. ठाण्याच्या एका कंपनीने ‘आज्ञालेन्स’ या नावाने अशीच साधने तयार केली. मेटा व रे-बॅन यांचे कॅमेरा असलेले चष्मे मे २०२५ पासून भारतात विकत मिळू लागले. उद्या एखादा पाहुणा, पालक किंवा विक्रेता असा चष्मा घालून आपल्या शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिला, तर मुले प्रथम आपल्यालाच विचारतील, “सर, यातून काय दिसतं?”

उत्तर देण्यासाठी चष्मा विकत घ्यायची गरज नाही. भिंग, पुठ्ठा, वहीचा कागद आणि नादकाटा एवढ्या साहित्यात तो अनुभव वर्गात उभा करता येतो.

डोळ्याला चिकटलेले अक्षर

पहिला प्रश्न साधा आहे. मोबाइलचा पडदा लहान करून चष्म्याच्या काचेवर चिकटवला, तर काम होणार नाही का?

करून पाहा. वहीच्या पारदर्शक प्लास्टिक कव्हरावर स्केचपेनने ‘क’ काढा. एक डोळा झाका आणि कव्हर दुसऱ्या डोळ्यापासून दोन सेंटिमीटरवर धरा. अक्षराचा नुसता धुरकट डाग दिसेल. आता कव्हर हळूहळू लांब न्या. अक्षर जिथे स्वच्छ दिसू लागेल ते अंतर जोडीदाराला पट्टीने मोजायला सांगा. सातवीतल्या मुलाचे अंतर सात ते दहा सेंटिमीटरच्या आसपास येईल. गुरुजींचे वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर अंतर तीस सेंटिमीटरच्याही पुढे जाईल. डोळ्यातले भिंग वयानुसार कडक होत जाते, त्याला हवे तेवढे फुगता येत नाही. म्हणून तर वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो.

यावरून एक गोष्ट नक्की झाली. चष्म्याची काच डोळ्यापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असते. तिथे लिहिलेले कोणीही वाचू शकत नाही, पहिलीतले मूलही नाही.

आता प्रयोगशाळेतले बहिर्गोल भिंग घ्या. त्याचे नाभीय अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. (खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पाडून भिंग ते भिंत हे अंतर मोजले की नाभीय अंतर मिळते. भिंगातून सूर्याकडे मात्र कोणी कधीही पाहायचे नाही.) भिंग डोळ्याला लागून धरा आणि कव्हरावरचा ‘क’ भिंगापलीकडे बरोबर नाभीय अंतरावर आणा. अक्षर एकदम स्वच्छ आणि मोठे दिसते. नाभीवर ठेवलेल्या वस्तूपासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. समांतर किरण नेहमी खूप दूरच्या वस्तूंकडून येतात, त्यामुळे डोळ्याला वाटते की हे अक्षर दूर आहे. तो भिंग फुगवण्याची मेहनत घेत नाही, निवांत राहतो.

हाच प्रयोग चाळिशी लागलेल्या शिक्षकांनी आपली चाळिशी काढून करावा. ज्यांना लांबचे नीट दिसते, त्यांना अक्षर चाळिशीशिवाय वाचता येईल. स्मार्ट चष्म्यातला मजकूरही असाच असतो. तो नाकासमोर असूनही डोळ्याच्या दृष्टीने दूरवर असतो. उलट ज्यांना लांबचा नंबर आहे, त्यांना तो नंबरच्या काचांशिवाय धुरकट दिसतो.

कंकालेश्वराचे पाणी

भिंगाने अर्धे काम झाले. पण डोळ्यापुढे भिंग आणि पडदा ठेवला, तर समोरचे जग झाकले जाईल. दोन्ही कसे दिसावे?

बीड शहरातले कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. काठावर उभे राहून लांबच्या पाण्याकडे पाहिले, तर मंदिराचे प्रतिबिंब दिसते. नजर पायाशी आणली आणि पाणी नितळ असेल, तर बुडालेला दगड दिसतो. मधल्या भागात दोन्ही एकमेकांवर पडतात. पाण्याचा पृष्ठभाग काही प्रकाश परत पाठवतो, काही आत सोडतो. काचेचेही तसेच आहे. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के परत येतो. खिडकीच्या काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून सुमारे आठ टक्के. एसटीतला आपला चेहरा या आठ टक्क्यांचा असतो.

काचेवर धातूचा किंवा अन्य पदार्थाचा अतिशय पातळ लेप दिला, तर हे प्रमाण वाढवता येते. असा अर्धपारदर्शक आरसा डोळ्यापुढे तिरका बसवला, की समोरचे जग त्यातून आरपार दिसते आणि बाजूच्या पडद्याचा प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो. गूगल ग्लासमध्ये उजव्या डोळ्याच्या जरा वर काचेचा एक छोटा ठोकळा होता. कानाच्या बाजूने चिमुकल्या पडद्याचा प्रकाश त्यात शिरे, तिरक्या पृष्ठभागातून पार होऊन ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या अंतर्गोल आरशावर जाई, तिथून परत फिरे आणि तिरक्या पृष्ठभागावरून वळून डोळ्यात येई. आपल्या प्रयोगातल्या भिंगाचे काम इथे अंतर्गोल आरसा करतो.

पडदा केवढा लागतो? समजा भिंगाचे नाभीय अंतर दोन सेंटिमीटर आहे. चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पंधरा अंशांचे दिसायला हवे असेल, तर गणिताने पडद्याचा कर्ण साधारण पाच मिलिमीटर येतो. म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा! तेवढ्या जागेत आडवे ६४० आणि उभे ३६० असे ठिपके बसवले, की चष्म्यातला पडदा तयार झाला.

छताला टांगलेला चष्मा

ही युक्ती नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचे असे पहिले साधन दाखवले. कानांजवळ टीव्हीसारख्या दोन छोट्या नळ्या आणि डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे. घालणाऱ्याला खोलीच्या मधोमध प्रकाशरेषांचा ठोकळा तरंगताना दिसे, आणि डोके हलवले की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसे. पण ते इतके जड होते की छताला टांगूनच वापरावे लागे.

पुढे १९८९ च्या सुमारास ‘प्रायव्हेट आय’ नावाचा छोटा पडदा आला. त्यात २८० लाल दिव्यांची फक्त एक उभी ओळ होती. समोरचा आरसा वेगाने थरथरत ती ओळ आडवी फिरवी. अंधारात पेटती उदबत्ती फिरवली, की तिच्या टोकाची अखंड रेघ दिसते. तसेच इथे एका ओळीचे पूर्ण पान दिसे. हाच पडदा डोळ्यापुढे लावून अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले विद्यार्थी थॅड स्टार्नर १९९३ पासून वावरू लागले. संगणक पाठपिशवीत, एका हातात बोटांनी दाबायचा छोटा कळफलक, आणि गप्पा मारता मारता टिपणे घेणे चालू! पुढे हेच स्टार्नर गूगल ग्लासच्या कामातले एक प्रमुख तंत्रज्ञ झाले.

आठ फुटांवरचा पुठ्ठा

आता मुख्य प्रयोग. गूगलने आपल्या पडद्याचे वर्णन ‘आठ फुटांवरचा पंचवीस इंची पडदा’ असे केले होते. ऐकायला मोठे वाटते. खरोखर केवढे दिसते ते मोजू या.

हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. पंजा पूर्ण फाकवला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सुमारे वीस अंश. आठ फूट म्हणजे ९६ इंच. त्या अंतरावर २५ इंचांचा कर्ण सुमारे पंधरा अंशांचा कोन करतो, म्हणजे दीड मुठीएवढा. दोन्ही डोळ्यांनी आपल्याला आडवे जवळजवळ १८० अंशांचे जग दिसते. त्या मानाने हा पडदा म्हणजे वाड्याच्या भिंतीतला झरोका.

बावीस इंच रुंद आणि बारा इंच उंच पुठ्ठा कापा. त्यावर मराठीत चार-पाच ओळींची बातमी मोठ्या अक्षरांत लिहा. एका विद्यार्थ्याला भिंतीपासून आठ फुटांवर उभे करा आणि पुठ्ठा त्याच्या समोरच्या भिंतीवर, नजरेच्या रेषेपेक्षा बराच वर आणि उजवीकडे लावा. त्याच्या समोर चार फुटांवर दुसरा विद्यार्थी उभा राहील. पहिल्याने डोके न हलवता पुठ्ठ्यावरची बातमी मनात वाचायची आणि त्याच वेळी दुसऱ्याशी घरच्या गोष्टी बोलायच्या. दुसऱ्याने बोलण्याच्या ओघात पाच आकडे सांगायचे. बाकीच्यांनी पहिल्याचे डोळे पाहायचे.

दोन मिनिटांनी पहिल्याला विचारा, आकडे कोणते होते? बातमी काय होती? दुसऱ्याला विचारा, त्याच्याशी बोलताना कसे वाटले? बहुतेक वेळा बातमी अर्धवट, आकडे अर्धवट, आणि दुसऱ्याचे उत्तर एकच येईल, “तो माझ्याकडे बघतच नव्हता.”

असे का होते? दृष्टिपटलावर अगदी बारीक दिसणारा भाग म्हणजे पीतबिंदूचा मध्य. त्याची व्याप्ती एक-दोन अंशांचीच, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी. बाकीच्या भागाला हालचाल कळते, उजेड कळतो, पण अक्षर वाचता येत नाही. म्हणून कोपऱ्यातला पडदा ‘नुसता असतो’, वाचायचा असेल तेव्हा डोळा तिकडे फिरवावाच लागतो. वर आणि बाजूला डोळा फार वेळ धरला, तर डोळ्याचे स्नायू दुखू लागतात. गूगल ग्लास फक्त उडती नजर टाकण्यासाठीच होता. घड्याळ, आलेला निरोप, पुढचे वळण उजवीकडे की डावीकडे, एवढेच. धडा वाचण्यासाठी नव्हे.

पुठ्ठ्यावर लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. इंग्रजी अक्षरे एका पट्टीत बसतात. आपले अक्षर मात्र तीन मजली. वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार. ‘र्कु’ सारखे अक्षर स्पष्ट दिसायला ओळीला जास्त उंची द्यावी लागते. ३६० ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजीच्या समजा बारा ओळी बसत असतील, तर मराठीच्या आठ-नऊच बसतील. पडद्याचा लहानपणा आपल्या लिपीला जास्त जाचतो.

एका डोळ्याला पडदा, दुसऱ्याला जग

वहीच्या कागदाची नळी करून उजव्या डोळ्याला लावा. डाव्या हाताचा तळवा नळीला चिकटवून डाव्या डोळ्यापुढे धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूर पाहा. तळहाताला आरपार भोक पडलेले दिसेल! मेंदूकडे दोन वेगळी दृश्ये येतात, आणि तो दोन्हींतले जोरकस तुकडे उचलून एकच चित्र बनवतो. थोडा वेळ पाहत राहिलात, तर कधी भोक ठळक होते, कधी तळहात.

एका डोळ्यापुरता पडदा असलेल्या चष्म्यात मेंदूला हेच काम सतत करावे लागते. उजवा डोळा पडदा आणि जग पाहतो, डावा फक्त जग. म्हणून मजकूर कधी ठळक, कधी विरळ वाटतो. काहींना याची सवय होते, काहींचे डोके दुखू लागते. ज्यांचा डावा डोळा प्रबळ असतो, त्यांना उजव्या बाजूचा पडदा जास्त त्रासदायक वाटू शकतो.

उन्हात काय होते?

एसटीच्या काचेकडे परत येऊ. दुपारी त्याच काचेत चेहरा का दिसत नाही? प्रतिबिंब तेव्हाही आठ टक्क्यांचे असतेच. पण बाहेरच्या उजेडापुढे ते बुडून जाते.

याचे आकडे पाहा. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोनशे-तीनशे लक्स. म्हणजे उन्हातला पांढरा सदरा खोलीतल्या सदऱ्यापेक्षा तीन-चारशे पट उजळ असतो. समजा चष्म्याच्या पडद्याने डोळ्याकडे शंभर एकक उजेड पाठवला. खोलीत मागच्या भिंतीचा उजेड दहा एकक असेल, तर अक्षर एकशे दहा आणि भिंत दहा, म्हणजे अक्षर झळाळून उठेल. बाहेर उन्हातल्या भिंतीचा उजेड चार हजार एकक असेल, तर अक्षर चार हजार शंभर आणि भिंत चार हजार. हा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. एप्रिलमध्ये कपाशीच्या मोकळ्या रानात उभे राहून असा चष्मा लावणाऱ्याला मजकूर शोधावा लागेल.

आणखी एक गंमत. असा आरपार दिसणारा पडदा काळा रंग दाखवूच शकत नाही. काळे म्हणजे प्रकाश नाही, आणि प्रकाश नाही म्हणजे तिथे मागचे जग दिसणार. फळ्यावर खडूने लिहितो तसे इथे उजळ अक्षरच लिहावे लागते, आणि फळा म्हणून समोरचे जगच असते.

कानाजवळची ऊब

पडदा, कॅमेरा, संगणक आणि विजेरी, सगळे चष्म्याच्या दांडीत. गूगल ग्लासचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आत होते. मग विजेरीला जागा किती उरणार? तिची क्षमता ५७० मिलीअँपिअर-तास. ३.७ व्होल्टने गुणले, की सुमारे दोन वॉट-तास होतात. आजच्या साध्या मोबाइलच्या विजेरीत पंधरा ते अठरा वॉट-तास असतात. चित्रफीत घेताना समजा साधन दोन वॉट खात असेल, तर तासाभरात विजेरी संपली. आणि ते दोन वॉट जातात कुठे? जवळजवळ सगळे उष्णतेत, कानशिलाला लागून.

खोलीत ही ऊब चालून जाते. पण बाहेरची हवा चाळीस अंशांच्या वर आणि आपली कातडी चौतीस-पस्तीस अंशांची असते, तेव्हा उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतूनच आत येऊ पाहते. घाम शरीराला वाचवतो, यंत्राला घाम येत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा अशा साधनांची कठीण परीक्षा घेतो.

ऐकण्याची सोय मात्र सुरेख होती. नादकाटा ठोकून त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवा आणि दोन्ही कान बोटांनी बंद करा. आवाज स्पष्ट येतो, कारण कंपने हाडातून थेट आतल्या कानात पोहोचतात. गूगल ग्लासमध्ये असाच कंपक कानामागच्या हाडावर टेकलेला असे, त्यामुळे कान मोकळे राहत. पण गजबजलेल्या जागी हा आवाज पुरेसा पडत नसे. आज्ञा द्यायच्या त्या ‘ओके ग्लास’ म्हणून, इंग्रजीतच. नाहीतर डोके मागे झटकून पडदा जागा करायचा आणि दांडीवर बोट फिरवायचे. भर बाजारात असे करणाऱ्याकडे लोक वळून पाहणारच.

दिसले, पण पाहिले नाही

आतापर्यंतच्या अडचणी तंत्राच्या आहेत. पडदे उजळ होतील, विजेऱ्या सुधारतील. एक अडचण मात्र डोळ्यामागे, मेंदूत आहे.

विमानांत वैमानिकापुढच्या काचेवर वेग आणि उंचीचे आकडे उमटवण्याची पद्धत जुनी आहे. खाली मान घालायला लागू नये, नजर बाहेरच राहावी, हा हेतू. अमेरिकेतल्या नासाच्या एम्स केंद्रात १९८० च्या सुमारास याची चाचणी कृत्रिम विमानकक्षात झाली. उतरताना धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आडवे ठेवलेले दाखवले. काही अनुभवी वैमानिकांना ते दिसलेच नाही. आकडे आणि धावपट्टी एकाच दिशेला होती, नजर तिकडेच होती, पण लक्ष आकड्यांवर होते.

पुढे १९९९ साली डॅनियल सायमन्स व ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेला प्रयोगही प्रसिद्ध आहे. चेंडू किती वेळा फेकला ते मोजायला सांगून त्यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसली नाही.

भिंगाने चित्र दूर नेता येते, आरशाने जगावर बसवता येते, पण लक्षाचे दोन भाग करणारे भिंग नाही. ‘मान वर राहते म्हणून लक्षही वर राहते’ हा समज चुकीचा आहे. मोटारसायकलवर असा चष्मा लावणाऱ्याची नजर रस्त्यावर असेल, पण लक्ष निरोपावर गेले तर समोरची उसाची ट्रॉली त्याला कळणार नाही.

समोरच्याला काय वाटते?

गूगल ग्लास बाजारात टिकला नाही, यामागे किंमत आणि विजेरी यांच्याइतकेच एक कारण होते. समोरच्या माणसांना तो नको होता. त्यात पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. मोबाइलने फोटो काढताना हात वर जातो, समोरच्याला कळते, तो नको म्हणू शकतो. चष्म्याला हात लागत नाही. अमेरिकेत सिॲटलच्या एका उपाहारगृहाने मार्च २०१३ मध्येच हा चष्मा घालून येण्यास बंदी केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये खुद्द गूगलला चष्मेधारकांसाठी शिष्टाचाराच्या सूचना काढाव्या लागल्या. अलीकडच्या चष्म्यांत कॅमेरा चालू असताना एक छोटा दिवा लागतो. पण चार हजार एककांच्या उन्हात तो दिवा किती दिसेल, याचे उत्तर आपण वर काढलेच आहे.

आपल्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, काही मुलेही सोबत जातात. तीन-चार महिन्यांनी परतलेले मूल वर्गात उभे राहून अडखळत वाचते. त्या क्षणी त्याचा आधार एकच असतो. समोरचे गुरुजी आपल्याकडे पाहत आहेत, हसत नाहीत, आणि हे या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. त्या गुरुजींच्या किंवा पाहुण्यांच्या चष्म्यात कॅमेरा असेल, तर हा आधार निघून जातो. मूल वाचायचेच टाळेल. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. पण कायदा येण्याआधीही चांगल्या शिक्षकाला हे ठाऊकच होते.

मग उपयोग कुठे?

ज्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत आणि ज्याला एका वेळी एकच छोटी सूचना हवी आहे, त्याला हा चष्मा उपयोगी पडतो. नेदरलँड्समधल्या बर्गन ऑप झूम येथील डीएचएल कंपनीच्या गोदामात कामगारांना ‘या फडताळातून इतके नग उचला’ अशा सूचना चष्म्यात दिल्या गेल्या. २०१५ साली कंपनीने सांगितले, की उचलण्याच्या कामाची कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांनी वाढली. गूगलनेही २०१७ पासून ग्लास कारखान्यांसाठी पुन्हा आणला. मार्च २०२३ मध्ये त्याचीही विक्री थांबली.

दुसरा उपयोग आपल्या वर्गाच्या जास्त जवळचा आहे. ज्याला दिसत नाही किंवा फार अंधुक दिसते, त्याला पडदा नकोच. त्याला कॅमेरा आणि आवाज हवा. कॅमेऱ्याने पाटी, पुस्तक किंवा नोट पाहायची आणि चष्म्याने ती वाचून दाखवायची. अशी साधने निघाली आहेत, भारतातही तयार झाली आहेत. मात्र देवनागरी वाचणे यंत्राला सोपे नाही. शिरोरेषेने अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, जोडाक्षरांचे आकार बदलतात, आणि छपाई फिकट असेल तर अनुस्वार गळून पडतो. ‘अंत’चे ‘अत’ वाचले गेले तर ऐकणाऱ्या मुलाला अर्थ लागणार नाही. म्हणून असे साधन आणण्याआधी ते आपल्या शाळेच्याच पुस्तकावर, आपल्या वर्गातल्याच उजेडात वाचायला लावून पाहावे.

स्मार्ट चष्मा कोणी शाळेत आणला, तर मुलांना त्याला हे प्रश्न विचारू द्या:

१. यातला पडदा लांब धरलेल्या हाताच्या किती मुठींएवढा दिसतो?
२. दुपारी बारा वाजता मैदानात त्यावरचे मराठी वाक्य वाचता येते का?
३. चित्रफीत घेताना विजेरी किती मिनिटे टिकते आणि दांडी किती तापते?
४. कॅमेरा चालू आहे हे दहा फुटांवरच्या माणसाला कसे कळते?
५. घेतलेली चित्रे कुठे साठतात, आणि ती पुसायची असतील तर कोणाला सांगायचे?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मोजून मिळतील. शेवटची दोन उत्तरे समाधानकारक नसतील, तर चष्मा पिशवीत ठेवायला सांगण्याचा अधिकार शिक्षकाचा आहे.

आणि पुढच्या वेळी संध्याकाळच्या एसटीत बसाल, तेव्हा काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे आणि मग त्यातून दिसणाऱ्या दूरच्या दिव्याकडे पाहा. चेहरा स्पष्ट असताना दिवा धुरकट होतो, दिवा स्पष्ट झाला की चेहरा. स्मार्ट चष्म्याने चेहराही दिव्याइतकाच दूर नेऊन ही अडचण सोडवली. पण दोन्ही स्पष्ट दिसत असतानाही मन दोहोंपैकी एकाकडेच जाते. कोणाकडे जायचे, हे अजून आपल्यालाच ठरवायचे आहे.